दुपारचा खण

१

फोनसप्ताहाला तीन दिवस उरले असताना देणगी कक्षातल्या जुन्या लाकडी कपाटाचा सगळ्यात खालचा खण रिकामा निघाला. कुलूप शाबूत होतं. खणात फक्त एक लांब पितळी सळई पडली होती आणि चारशेच्या वर कार्डं नाहीशी झाली होती.

नव्या संचालकांनी शिपायाला आधी विचारलं, मग दरडावलं, आणि दोन्हीतून काही निघेना तेव्हा बाईंना फोन लावला. बाई या कक्षाच्या आधीच्या प्रमुख. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. आपण उठलो की मागच्यांच्या कामात नाक खुपसू नये, असं त्या चारचौघांत सांगायच्या आणि रोज साडेदहाला घड्याळाकडे बघून मनात म्हणायच्या, आत्ता तिकडे टपाल आलं असेल.

"मॅडम, कार्डं चोरीला गेली," संचालक म्हणाले.

"कुठल्या खणातली?"

"सगळ्यात खालच्या."

त्यांनी गॅस बंद केला, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं की चष्मा घरीच राहिला. पुन्हा वर जाऊन तो आणण्यात पाच मिनिटं गेली, म्हणून त्या वाटभर स्वतःवरच चिडत गेल्या.

ही कार्डं म्हणजे बाईंची एकतीस वर्षांची कमाई होती. दर वर्षी एक आठवडा विद्यापीठाचे विद्यार्थी टेबलांशी बसून माजी विद्यार्थ्यांना फोन करत आणि वार्षिक देणगी मागत. त्यातून कुणाची फी भरली जाई, कुणा प्राध्यापकाचं रखडलेलं संशोधन पुढे सरके, मोडकळीला आलेला एखादा अभ्यासक्रम आणखी एक वर्ष तगून राही. फोन ठेवला की झालेलं बोलणं त्या माणसाच्या कार्डावर एका ओळीत उतरवायचं, हा बाईंचा दंडक. "मुलगी झाली, आवाजावरूनच कळत होतं." "वसतिगृहातल्या गळक्या नळावर दहा मिनिटं हसले." "यंदा जमणार नाही म्हणाल्या. लाजू नका म्हटलं." एकेका कार्डावर वीस-पंचवीस वेगवेगळी हस्ताक्षरं, आणि त्यांतून एक अख्खं आयुष्य.

कार्डं लावण्याची रीतही बाईंचीच होती. आडनावाप्रमाणे लावून पहिली दोन वर्षं हात पोळून घेतल्यावर त्यांना कळलं, की माणूस देतो की नाही हे फोन केव्हा वाजतो यावर ठरतं. मग त्यांनी तीन खण केले. वरचा सकाळी बोलणाऱ्यांचा, मधला संध्याकाळच्यांचा, खालचा दुपारच्यांचा. खणांवर चिठ्ठी कधी लावली नाही, कारण माहीत असणाऱ्यांना माहीत होतं.

दुपारच्या खणात निवृत्त होऊन घरी बसलेली माणसं होती, आणि त्यातली बरीचशी काचशाळेची. काचशाळा म्हणजे रसायनशास्त्र विभागामागची दोन खोल्यांची बैठी इमारत. तिथे मास्तर दर वर्षी आठ जणांना काचनळी तापवून, फुंकून प्रयोगशाळेची उपकरणं घडवायला शिकवत. मास्तरांच्या मानधनापासून बर्नरच्या गॅसपर्यंत सगळा खर्च या जुन्या विद्यार्थ्यांच्या वार्षिक देणगीवर चालत होता.

२

"व्यवस्थापन मंडळानं स्पष्ट सांगितलंय, मॅडम," संचालक म्हणाले. तिशीतला, स्वच्छ, घाबरलेला माणूस. "काचशाळेची देणगी एक वर्ष जरी चुकली तरी शाळा बंद आणि खोल्या विभागाकडे. पावत्यांवर नाव आणि रक्कम, फोन नंबर नाही. फोन करायचा कुणाला?"

"तुम्ही ही कार्डं संगणकात का नाही घातलीत?"

"घालणार होतो. पण महिन्याभरापूर्वी एक नाव शोधायला बसलो आणि तासभरात हात टेकले. आडनावं कशीही लावलीत हो."

संचालकांच्या टेबलावर एका फुलापुरती काचेची फुलदाणी होती. सलग दहा वर्षं देणगी देणाऱ्या प्रत्येकाला मास्तर अशी फुलदाणी स्वतःच्या हातानं करून पाठवत, आणि कक्षातही वर्षाला एक येई. बाईंच्या घरी खिडकीत अशी एक होती, पीळ घातलेल्या लांब मानेची. ही आखूड होती, जाडसर, आणि मान एका बाजूला किंचित कललेली. हल्ली गॅसही धड येत नसेल, असं बाईंच्या मनात आलं.

"किल्ली कुठे असते?"

"तिथेच, खिळ्याला. मामा तीन आठवडे रजेवर होते, त्यांच्या मुलीचं बाळंतपण होतं. त्या दिवसांत कुणीही यायचं-जायचं. टपालवाले, रसायनशास्त्राच्या प्रमुख मॅडम, काचशाळेचे मास्तर, कॅन्टीनचा हिशेब मागणारे. मी तरी कुणाकुणाकडे लक्ष ठेवणार?"

बाई गुडघे दाबत कपाटाशी बसल्या. वरच्या दोन खणांच्या मुठींवर धूळ होती, खालची मूठ तेवढी पुसल्यासारखी. मग त्यांनी सळई हातात घेतली. प्रत्येक कार्डाला खाली भोक असे आणि त्यातून ही सळई जाई, म्हणजे कार्डं सांडत नसत. सळईच्या टोकाला एक बारीकसा स्क्रू. तो काढल्याशिवाय सळई सुटत नाही.

स्क्रू काढलेला होता. आणि काढणाऱ्यानं तो परत सळईच्याच टोकाला नीट बसवून ठेवला होता, हरवू नये म्हणून.

बाईंनी सळई उजेडाकडे धरली. स्क्रूभोवतीचं पितळ ओरबाडलेलं होतं. स्क्रूड्रायव्हर एकदा नाही, दहा-बारा वेळा घसरला होता.

"मोठा अडाणी चोर दिसतोय," संचालक म्हणाले.

"अडाणी माणूस स्क्रू जागेवर ठेवत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कपाटाखाली हात घातला. धुळीतून एक कार्ड निघालं. एका निवृत्त औषधविक्रेत्याचं, काचशाळेच्या जुन्या विद्यार्थ्याचं. 'दुपारी तीननंतर. गुडघ्याबद्दल विचारा.' बाईंना हसू आलं, ते अक्षर त्यांचंच होतं. शेवटची ओळ मात्र गेल्या वर्षीची, त्यांच्यानंतरची.

'रक्कम आपणहून दुप्पट केली. का विचारलं तर म्हणाले, सगळ्यांना माहीत आहे.'

काय माहीत होतं सगळ्यांना? बाईंनी कार्ड पर्समध्ये टाकलं. एकतीस वर्षांत या कक्षात सगळ्यांना माहीत आणि आपल्याला नाही, असं काही घडलं नव्हतं.

३

मामा जिन्याखाली स्टुलावर फुगून बसले होते. कक्षाचे शिपाई, बाईंच्या हाताखाली वीस वर्षं काढलेले.

"बाई, मला नात झाली आणि परत येतो तर इथे चोर म्हणतायत."

"नात कुणावर गेलीय?"

"माझ्यावर, बिचारी." मामांचा राग अर्धा उतरला. "तुम्हीच सांगा, मी ती कार्डं नेऊन काय करू? रद्दीचेसुद्धा दहा रुपये यायचे नाहीत."

"सळई काढून ठेवलीय, मामा."

"सळई?" मामांनी त्यांच्याकडे वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "सळई कशाला काढायची? खण थोडा वर उचलून ओढला की सबंध हातात येतो. दर वर्षी मी तसाच नेऊन प्रमुखांच्या टेबलावर ठेवतो. सळईला मी आयुष्यात हात लावलेला नाही."

हे खरंच होतं. बाईंना आठवलं, खण उचलून आणताना मामा दर वर्षी दारात ओरडायचे, "बाजूला व्हा, माणसं घेऊन येतोय!" आणि फोनला बसलेली पोरं हसायची. त्या आठवड्यात सगळ्या मजल्यावर एकदम तीस जण बोलत असायचे. मधूनच कुणीतरी रिसिव्हरवर हात ठेवून ओरडायचं, बाई, हे रडतायत, काय करू? आणि बाई ओरडायच्या, रडू दे, तू फक्त ऐक. तेव्हा बाईंना वाटायचं हा गलका कधी संपेल. आता इथे इतकं शांत होतं की पंख्याचा आवाज येत होता, आणि ते त्यांना सोसवेना.

"बाई, रडताय काय?"

"धूळ गेली डोळ्यात. तुमचं कपाट पुसत चला जरा."

४

रसायनशास्त्राच्या प्रमुख एके काळी फोनसप्ताहात पहिल्या टेबलावर बसायच्या. अखंड बोलायच्या म्हणून बाईंनी त्यांचं नाव चिमणी ठेवलं होतं. आता डोक्यावर पांढरे केस आणि दारावर पाटी, पण बाईंना बघताच त्या खुर्चीतून उठल्या.

"चिमणे, काचशाळेच्या खोल्या तुला हव्यात म्हणे."

"हव्यात. नवीन यंत्र येतंय आणि ठेवायला जागा नाही. अर्ज माझाच आहे, लपवत नाही. म्हणून कार्डं मी पळवली असं म्हणायचंय?"

"कपाटातली सळई कशी निघते, सांग बघू."

"कुठली सळई?" चिमणी खरोखरच गोंधळली. "बाई, आम्हाला तुम्ही कपाटाला शिवू तरी देत होतात का? तुमच्या हातून सुटी कार्डं गठ्ठ्यानं आमच्या टेबलावर यायची."

बाईंनी पर्समधलं कार्ड तिच्यापुढे सरकवलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. चिमणीनं वाचलं. मग उठून दार लोटून घेतलं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"तूच सांग आता."

"मास्तरांचा हात गेलाय, बाई. तीन वर्षं झाली. उजवा हात थरथरतो. आधी फुलदाण्यांची मान वाकडी यायला लागली, मग मोठं काम जमेना. एका जुन्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, त्यानं दुसऱ्याला सांगितलं. मास्तरांना कुणी काढू नये म्हणून सगळ्यांनी देणगी वाढवली. वरच्या पैशांतून अवघड उपकरणं मी बाहेरून करून आणते आणि मास्तरांना सांगते की यंदा गरजच नाही पडली. ते खिशात हात घालून फिरतात, आम्ही खिशाकडे बघत नाही."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही तोंडावर बोलला असतात, बाई."

बाईंना ते लागलं. कारण ते खरं होतं. त्या उठल्या. कार्डं कुणाकडे आहेत हे त्यांना आता कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं असंही वाटत होतं.

५

काचशाळेचं दार उघडंच होतं. बर्नर बंद. मास्तर खिडकीजवळच्या उंच स्टुलावर बसले होते आणि समोरच्या टेबलावर उपकरणांच्या खोक्यात चारशे कार्डं रचून ठेवलेली होती, सगळ्यांचे कोपरे एका रेषेत.

"या बाई," मास्तर म्हणाले. "मला वाटलं होतं, काल याल."

"काल मला सांगितलंच नव्हतं कुणी." बाईंनी स्टूल ओढलं. "तुम्ही सरळ खालच्या खणाशी बसलात, मास्तर. दुसऱ्या खणाला हातही लावला नाही. संचालकांना कुठे काय आहे तेच ठाऊक नाही, त्यांनी तिन्ही उपसले असते. मामांना सळई काढायची गरज नाही. चिमणीनं सळई बघितलेलीच नाही. तुम्ही मात्र दर वर्षी फुलदाण्यांची यादी करायला माझ्या शेजारी बसायचात, आणि एकेक कार्ड सळईतून सोडवून द्यायचे मी."

"एवढ्यावरून?"

"स्क्रू. सुटा भाग जागच्या जागी ठेवा, नाहीतर हात भाजेल. तीस वर्षं या दारातून तुमचा हाच आवाज ऐकत आले मी. आणि त्या स्क्रूभोवती..." बाई थांबल्या.

"बोला की. ओरखडे आहेत."

"हो."

मास्तरांनी उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. तो टेबलावरही थरथरत होता. कार्डांचा खोका त्याच्या धक्क्यानं बारीक वाजू लागला, तेव्हा त्यांनी तो मागे घेतला.

"मामा रजेवर होते म्हणून यादी करायला मीच गेलो," ते म्हणाले. "पहिलंच कार्ड काढलं. दुप्पट. मास्तरांच्या हातासाठी. दुसरं काढलं, तेच. तिथे उभं राहून वाचवेना, म्हणून इकडे घेऊन आलो. मी वर्गात पोरांना म्हणायचो, तुम्हीच करा, त्यानं हात बसतो. मला वाटायचं, काय हुशारीनं निभावतोय. आणि हे सगळे तीन वर्षं माझी भाकरी... माझं पोट चालवतायत. कीव करून."

"म्हणून कार्डं दडवलीत? फोनच गेले नाहीत की शाळा बंद."

"जाळणार होतो. आयुष्यभर पेटवायचंच काम केलं. हे काही पेटवता येईना. वाचतच बसलो."

बाईंना त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं आणि त्यांचा भयंकर रागही आला. आला तसा त्यांनी तो बोलून टाकला.

"कीव आहेच थोडी. नाही म्हणून मी तुम्हाला फसवणार नाही, फसवणूक पुष्कळ झाली. पण हे बघा." त्यांनी खोक्यातून हाताला येईल ते कार्ड ओढलं. "बावीस वर्षांपूर्वी. 'पहिल्या पगारातून. काच फुटली तरी मास्तर ओरडायचे नाहीत, नवी नळी पुढे सरकवायचे.' तेव्हा थरथरत होता का हात? ही माणसं तुमच्या हाताला देत नव्हती हो. पुढच्या आठ जणांपुढे कुणीतरी नवी नळी सरकवावी म्हणून देत होती. आणि तुम्ही आता एकाही पोराला धड काही करून दाखवू शकत नाही आणि जागाही सोडत नाही. चुकलं ते हे."

मास्तरांनी डाव्या हातानं ते कार्ड ओढून घेतलं आणि पुन्हा वाचलं.

"दुसरी जागा मंजूर झाली होती," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वी. पैसे मी उभे केले होते. तुम्ही लिहून दिलंत, मदतनीसाची आवश्यकता नाही."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी डाव्या हातानं सदऱ्याच्या वरच्या खिशातून एक कार्ड काढलं. हे एकच त्यांनी वेगळं ठेवलेलं होतं.

६

कार्डावर एका बाईचं नाव होतं, पण काचशाळेत तिला सगळे डावरी म्हणत. डाव्या हातानं नळी फिरवायची आणि मास्तरांपेक्षा पातळ फुंकायची, हे मास्तर स्वतःच सांगत असत, निदान एके काळी. पुढे तिनं उपकरणांच्या कारखान्यात काम केलं. तो बंद पडल्यापासून ती घरी होती.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. अकरा वर्षांपूर्वीची ओळ: 'काचशाळेत जागा निघतेय असं ऐकलं, खरं का, विचारलं. देणगी दिली.' पुढच्या वर्षी: 'जागेचं पुन्हा विचारलं. देणगी दिली.' त्यापुढच्या वर्षी: 'काही विचारलं नाही. देणगी दिली.' आणि मग दर वर्षी नुसतं, देणगी दिली. देणगी दिली. देणगी दिली. मास्तरांच्या हाताबद्दल या कार्डावर एक अक्षर नव्हतं.

"ती आली असती तर लोकांनी तिचंच काम बघितलं असतं," मास्तर म्हणाले. "तेव्हा माझा हात चांगला होता, बाई. उत्तम होता. मला फक्त शेजारी कुणी नको होतं."

एवढं बोलायला त्यांना अकरा वर्षं लागली होती. बाईंनी मान हलवली आणि भिंतीवरच्या फोनकडे पाहिलं.

"चिमणी वरचे पैसे बाहेरच्या कामावर घालतेय. त्यात एका माणसाचं मानधन सहज निघतं. सोमवारी कार्डं खणात असतील, संचालकांना काय सांगायचं ते माझ्याकडे लागलं. पण हा फोन मी करणार नाही. तुम्ही करायचा."

"तीन वाजलेत ना?"

"वाजून गेलेत."

मास्तर उठले. फोनच्या बटणांवर त्यांचं बोट दोनदा भलतीकडेच गेलं. बाई स्टुलावर घट्ट बसून राहिल्या, त्यांनी मदत केली नाही. तिसऱ्या वेळी नंबर लागला. खोली इतकी लहान होती की पलीकडचा आवाज बाईंनाही ऐकू येत होता.

"विद्यापीठातून ना? यंदा लवकर केलात. दर वर्षीइतकेच लिहून घ्या."

"मी मास्तर बोलतोय."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"तुझे पैसे नकोत यंदा," मास्तर म्हणाले.

"का? बंद करताय?" आवाज एकदम बारीक झाला. "मास्तर, बंद नका करू. थोडे जास्त देईन मी, जमवते काहीतरी."

"बंद नाही गं. जागा आहे. शिकवायची. तेव्हाही होती, तू विचारलं होतंस तेव्हा. मीच नको म्हणालो होतो." मास्तरांनी भिंतीला टेका दिला. "मला आता जमत नाही. हात चालत नाही माझा. पोरांना करून दाखवायला कुणी नाही. तू येशील का?"



"हल्ली किती वाजता उघडता?"

"नऊला."

"मी आठला येते," डावरी म्हणाली. "आल्यावर तुम्ही नुसते बसा. बर्नर मी पेटवीन."

"बरं," मास्तर म्हणाले.